उजवं फूल

११ जानेवारी

पोरगी झाली. काल, दुपारच्या भाकरीच्या वेळेला. यायचं होतं तिनं होळीच्या सुमाराला — आली संक्रांतीच्या आधीच! तिळगुळाची घाई झाली असंल.

थट्टा करायलेय, पण कालचा दिवस थट्टेचा नव्हता.

सकाळी राजेश्री म्हणाली, 'आत्या, डोकं लय ठणकायलंय. डोळ्याम्होरं काजवे यायलेत.' राजेश्री म्हणजे माझी धाकटी सून. आमच्यात सासूला आत्याच म्हणतात. मी म्हटलं, पड जराशी, चहा टाकते. चहाला उकळी यायच्या आत ती चुलीपुढं आडवी झाली आणि हातपाय झाडायला लागली. तिचा नवरा, माझा योगीराज, सेलूला कापसाच्या जिनिंगमधे कामाला. त्याची वाट कुठं बघता? शेजाऱ्याच्या जीपमधे घातली आणि झरीहून थेट परभणी. इथं सरकारी दवाखान्यात म्हणाले, बीपी वाढलंय, आत्ताच्या आत्ता लेकरू काढावं लागतंय. काढलं. आता राजेश्री एका वार्डात, पोरगी दुसरीकडं, काचेच्या पेटीत. सव्वा किलोची आहे. दिवाळीला मी याच्यापेक्षा जास्त तर बेसन भाजते!

हे सगळं मी फोनला सांगायलेय. थोरल्याची पोरगी प्राची इथंच कॉलेजला आहे, तिनं शिकवलं. म्हणाली, 'आज्जी, तुला कुणाला सांगवत न्हाई अन् पोटातबी ठेववत न्हाई. ह्या चित्रावर बोट ठेव अन् बोल. तारीख आपोआप पडती, बाकीचं तो लिहितो. मी वाचणार न्हाई, आईशप्पथ.' मधूनमधून माझं बोलणं शुद्धही करतो म्हणे. करू दे, कुणीतरी करायलाच हवं होतं.

तिनं शपथ घेतली, आणि मला अक्षर येत नाही. म्हणजे हे जगात कुणीच वाचणार नाही. दवाखान्यातल्या लिंबाखाली बसून बोलायलेय तर लोकांना वाटतं, म्हातारीनं लेकीला फोन लावलाय. एक बाई तर म्हणाली, 'लेक लय गुणाची हाय तुमची, मधी बोलतच न्हाई!'

१२ जानेवारी

राजेश्रीची याआधी दोन गेली. एक तिसऱ्यात, एक पाचव्यात. दुसऱ्या वेळेला तिनं बोलणंच टाकलं. भिंतीकडं तोंड करून बसायची. तिला आई नाही. माहेरी पाठवावी तर कुणापाशी? मग मी उठले आणि मेसाईला गेले.

मेसाई आमच्या गावची देवी. शेंदूर फासलेला तांदळा आहे, नुसता गोल दगड, ना नाक ना डोळे. पण हट्टी बाई! उगाच कुणाला हो म्हणायची नाही. लिंबाजी गुरव तांदळा ओला करतो, उजव्या अंगाला एक फूल चिकटवतो, डाव्याला एक. आपण विचारायचं आणि बसायचं. उजवं आधी पडलं तर देवीनं शब्द दिला. डावं पडलं तर मुकाट्यानं घरी. लोक बसून बसून पेंगतात, फूल हलत नाही. मी विचारलं — आणि उजवं टपकन खाली! लिंबाजी म्हणाला, 'सरजाकाकू, देवी जणू तुमचीच वाट बघायलती!'

तेव्हापासून मी गावात मान वर करून चालते. राजेश्रीला दिवस गेले तेव्हा तर मी कुणालाच आश्चर्य वाटू दिलं नाही. वाटायचं काय त्यात? ठरल्याप्रमाणं झालं.

काल डाक्टरीण म्हणाली, 'आजी, आम्ही प्रयत्न करतोय, पण आत्ताच काही सांगता येत नाही.' मी म्हटलं, 'तुमी प्रयत्न करा बाई. सांगायचं ते वरून सांगून झालंय.' तिनं चष्मा काढला, पुसला, परत घातला.

१४ जानेवारी

संक्रांत. दवाखान्यात तिळगूळ वाटला कुणीतरी. गोड बोला म्हणे. कुणाशी?

राजेश्री शुद्धीवर आली, बसून पेजही पिली. पोरगी कशी आहे, एका शब्दानं विचारलं नाही. योगीराजनं फोनमधला फोटो तिच्यापुढं धरला. तिनं डोळे मिटले. म्हणाली, 'मला दाखवू नका. बघितलं की सवय लागंल. मंग ती जाईल.'

मी म्हटलं, 'जाईल कशी? शब्द हाय देवीचा!'

'तुमचा हाय आत्या. मला न्हाई दिला.'

असं का बोलते ही? आई आहे का कोण आहे? पण दूध मात्र काढून देते. पिळून पिळून, ओठ दाताखाली धरून, एवढंसं वाटीत. वाटी माझ्या हातात देताना तोंड खिडकीकडं. मी ती वाटी दोन्ही हातांनी नेते. म्हशीचं दूध एवढं जपून नेलं असतं तर रोज पातेलं सांडलं नसतं माझ्याकडून.

१५ जानेवारी

आज पाचवी. सटवाई येऊन कपाळावर लिहून जाते. थोरल्या सुनेनं घरी पाटा पुजला. पण पोरगी तर इथं. अन् कपाळावर पट्टी, पट्टीत नळी. लिहावं कुठं त्या बिचारीनं?

१७ जानेवारी

पोरगी श्वास घ्यायचं विसरते.

खरंच विसरते! घेत असते, घेत असते, मधेच थांबते. जशी मी उतरंडीपाशी जाऊन उभी राहते आणि कशाला आले होते तेच आठवत नाही. मग मशीन टीं टीं करून ओरडतं, सिस्टर येतात, तळपायाला टिचकी मारतात. मग दचकते आणि घेते. डाक्टरीण म्हणाली, 'एवढ्या लवकर आलेल्या बाळांना अजून ते शिकायचं असतं.'

काचेतून बघत उभी होते. उंदराच्या पिलासारखी लाल. नख आहे, पापणी आहे, कानाची पाळी आहे. सगळं आहे, तेवढी आठवण ठेवायची राहिली.

मी आजवर कितीदा म्हटलं असंल, चोच दिली तो चारा देईल. इथं चारा आहे, वाटीत आहे, अन् चोचीला ओढता येईना. नाकातल्या नळीनं पोटात सोडतात.

१९ जानेवारी

आज नळावर पातेलं घासत होते आणि एकदम हातच थांबला.

मी मेसाईला काय विचारलं होतं? नीट आठवून बघितलं. लिंबाजीनं फुलं लावली, म्हणाला, 'विचारा काकू.' आणि मी म्हटलं — 'माय, माझ्या राजेश्रीची ओटी भरंल का?'

बस. एवढंच.

ओटी भरली की! दिलेला शब्द पाळला तिनं. टिकंल का, जगंल का, घरी येईल का, हे मी विचारलंच नाही! बाजारात गाडगं घेताना चार वेळा वाजवून बघते मी. आणि देवीच्या दारात एवढं अर्धंमुर्धं विचारून आले?

पातेलं तसंच टाकून लिंबाखाली येऊन बसले. कुणाला सांगू? योगीराज माझ्या तोंडाकडं बघून उभा आहे. रोज सकाळी विचारतो, 'माय, शब्द हाय ना?' मी म्हणते, 'हाय की!'

२० जानेवारी

मेसाई, तू देवी आहेस का वकील?

२२ जानेवारी

काचेच्या खोलीत धम्मशीला सिस्टरचं राज्य आहे. मोठे डाक्टरही त्यांना विचारून चप्पल काढतात. आज मला म्हणाल्या, 'आजी, बाळाला आता रोज उघड्या छातीवर झोपवायचं. आईच्या उबेत लेकरू श्वास धरतं. परदेशात एक जनावर असतं बघा, पोटाच्या पिशवीत पिल्लू ठेवतं. तसं.'

राजेश्रीकडं गेले. ती म्हणाली, 'मला चालवत न्हाई आत्या.' मोरीपर्यंत चालवतं.

परत येऊन सिस्टरला विचारलं, 'दुसरी छाती चालंल का? जुनी हाय.'

'ऊब असली की झालं, आजी.'

'ऊब हाय. बाकीचं आटलंय.'

हसल्या. मग म्हणाल्या, 'पण बांगड्या काढाव्या लागतील. कोपराखाली काहीच नको. जंतू लपतात.'

घ्या! नवरा धडधाकट बसलाय झरीला, आणि मी बांगड्या काढू? लग्नात भरल्या तेव्हापासून हात मोकळा राहिला नाही माझा. एक फुटली तर दुसरी भरल्याशिवाय भाकर थापली नाही. सिस्टर म्हणाल्या, विचार करा. मी बाहेर येऊन घरी फोन लावायला सांगितला प्राचीला.

'अवो, बांगड्या काढू का?'

'कोणाच्या?'

'माझ्या! कोणाच्या म्हंजे काय?' मग सगळं सांगितलं.

जरा वेळ नुसती म्हैस ओरडलेली ऐकू आली. मग माणिकराव म्हणाले, 'काढ. म्या काय एवढ्यानं मरायलोय का? अन् मेलोच तर तुला परत भरायचा ताप न्हाई.'

इतक्या संसारात म्हातारा एवढं शहाणं पहिल्यांदाच बोलला.

साबणाच्या पाण्यात हात घालून एकेक उतरवली. हात कुणा दुसऱ्या बाईचे दिसायलेत. कोपराच्या वर, दंडाला हळदीचा दोरा बांधून ठेवला. सिस्टरनं बघितला. बघून न बघितल्यासारखं केलं.

२३ जानेवारी

घेतली!

नळ्यांसकट उचलून माझ्या छातीवर ठेवली, वरून कापड गुंडाळलं. काही वजनच नाही. वेचणीतलं कापसाचं बोंड ठेवावं तसं. पण धडधड केवढी! मुठीत धरलेल्या चिमणीगत. मी हललेच नाही. पाठीला रग, पायाला मुंग्या, आणि नाकाच्या शेंड्याला खाज — मेसाई, ही थट्टा तुझीच, ओळखली मी.

दोनदा विसरली. मशीन बोंबललं. सिस्टर यायच्या आत मीच तळव्याला टिचकी मारली आणि कानात म्हटलं, 'ए भवाने! आम्ही सगळे घेतो ना? फुकट हाय, घे!' घेतला. सिस्टर म्हणाल्या, जमलं आजींना.

शिकायला मला आयुष्यात हेच एक मिळालं, आणि शिकवायलाही.

२५ जानेवारी

रोज जाते. कालच्यापेक्षा आज कमी विसरली. योगीराजला म्हटलं, बघ, शब्द आहे. बोलून गेले आणि जीभ चावली.

२६ जानेवारी

बाहेर झेंडावंदन, कर्ण्यावर गाणी. आत पोरगी निळी पडली.

रक्तात बिघाड म्हणायलेत, जंतू शिरलेत. छातीवरून काढून परत पेटीत, आणि श्वासाचं मोठं मशीन. माझ्या हाताला तर नव्हते ना जंतू? दंडावरच्या त्या दोऱ्याला? सिस्टरला विचारलं. त्या म्हणाल्या, 'नाही आजी, अशा बाळांना होतं.' चांगल्या आहेत, म्हणून म्हणाल्या असतील. दोरा सोडून टाकला.

२७ जानेवारी

योगीराज माझ्यासमोर येऊन उभा राहिला. जिनिंगमधून तसाच आलेला, भुवयांवर रुई. 'माय, तू तर म्हणायलतीस शब्द आलाय.'

मग मला राहवलं नाही. सांगून टाकलं, काय विचारलं होतं ते आणि काय विचारायचं राहिलं ते.

हा माझ्यावर कधी ओरडला नाही, आजही नाही ओरडला. ओरडला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, 'मंग जा अन् नीट इचार. उद्याच जा.'

२८ जानेवारी

झरीच्या जीपमधे बसून सगळा रस्ता प्रश्न घोकत गेले. यावेळेला देवीला निसटायला फट ठेवायची नव्हती.

योगीराजनं फोन केला होता, लिंबाजी वाटच बघत होता. तांदळा ओला केला, शेवंती लावली. म्हणाला, 'विचारा काकू, नीट विचारा.'

मी हात जोडले. 'माय मेसाई, माझ्या योगीराजच्या राजेश्रीच्या पोटची पोरगी, परभणीच्या दवाखान्यात काचेच्या पेटीत हाय ती, तिला जित्ती घरी आणशील का, धडधाकट ठेवशील का, शाळंत जाईल का, अन् माझ्या आधी तिला न्यायची न्हाईस, असं—'

'काकू,' लिंबाजी हळूच म्हणाला, 'येवढं लांबडं? एका फुलाला कसं पेलावं?'

हसू आलं मला. तिथं, त्या टायमाला! आणि हसता हसता माझी नजर फुलांवर गेली. डावं हललं.

हललं का? वारा होता का? दार उघडं होतं. मला वाटलं हललं. देठ सुटायला लागलं, खाली यायला लागलं.

मी उठले. पुढं झाले आणि दोन्ही फुलं काढून घेतली. दोन्ही! अशी मुठीत.

लिंबाजीनं डोक्याला हात लावला. 'काकू! काय केलं हे? देवीच्या तोंडातला शब्द धरला तुमी! माझ्या बापजाद्यात कोणी असं केलं न्हाई!'

'माझ्याबी न्हाई,' मी म्हटलं.

'आता काय करू मी?'

'गावाला सांगू नको. दुसरं काय करणार?'

बाहेर आले. जीप यायला वेळ होता. पारावर बसले. मूठ उघडेना.

२९ जानेवारी

योगीराजनं विचारलं, 'काय पडलं?' मी म्हटलं, 'विचारलंच न्हाई.' खोटं नाही आणि खरंही नाही. तो उठून गेला. दिवसभर माझ्याजवळ फिरकला नाही.

मी लिंबाखाली बसून माझ्याशीच भांडायलेय. भीती वाटली म्हणून फुलं काढलीस, म्हातारे. कबूल. भरोसा असता तर पडू दिलं असतं. तेही कबूल.

पण एक विचार जाता जाईना. समजा उजवं पडलं असतं. मी परत आले असते, हात धुतले असते, पोरगीपाशी गेले असते. समजा डावं पडलं असतं. मग? घरी बसले असते का? नाही. परत आले असते, हात धुतले असते, पोरगीपाशी गेले असते. दोन्हीकडून रस्ता दवाखान्यातच येतो. मग मी विचारायला गेले कशाला?

मेसाई, तुझ्यावर राग आहे माझा. तो राहू दे. पण तू एकदा हो म्हणालीस. अर्धं म्हण, घाईतलं म्हण, मी चुकीचं विचारलं म्हण. तेवढंच धरून बसायलेय मी. पदर सोडणार नाही. नवं काही मागायला येणार नाही, आणि डावं-उजवं काढून दाखवायला तूही येऊ नको.

३० जानेवारी

तसंच आहे. मशीन श्वास घेतं, ती पडून असते.

१ फेब्रुवारी

काचेपाशी उभी राहू देतात. बोलते तिच्याशी. म्हशीनं आजोबाला कशी लाथ मारली ते सांगितलं. झोपेत ओठ वाकडे केले. हसली नसंल. पण मी गावभर सांगणार हसली म्हणून.

३ फेब्रुवारी

मोठं मशीन काढलं. नाकाला पुन्हा बारीक नळ्या. डाक्टरीण म्हणाली, 'आजी, आजचा दिवस बरा आहे. उद्याचं उद्या.' मला पटली आता ही बाई. योगीराज आज माझ्याजवळ येऊन बसला, शेंगदाणे सोलून दिले.

५ फेब्रुवारी

परत छातीवर दिली. हाडं टोचायलीत तिची मला आणि माझी तिला.

६ फेब्रुवारी

आज भांडण झालं. बरं झालं.

राजेश्रीकडून दुधाची वाटी घेत होते. मी म्हटलं, 'एकदा येऊन बघ तरी. पायाची बोटं तुझ्यासारखी हायेत, वाकडी.' ती म्हणाली, 'तुमचं बरं हाय आत्या. तुमाला देवीनं सांगितलंय. तुमी डोळे झाकून घेऊ शकता तिला छातीवर. मला कोणीच काही सांगितलं न्हाई. दोघांच्या येळेलाबी तुमी असंच म्हणालता, होईल, सगळं होईल. मी अंगडी शिवलती.'

वाटी हातात घेऊन तशीच उभी राहिले. मग खाटेवर बसले आणि सगळं सांगितलं. चुकीचं विचारलं ते. लांबडा प्रश्न घोकत गेले ते. डावं फूल.

'हललं?' तिनं विचारलं.

'मला वाटलं हललं.'

'अन् तुमी काढून घेतलं? देवीच्या अंगावरून?'

'घेतलं.'

'म्हंजे तुमालाबी ठाऊक न्हाई? ती राहील का न्हाई?'

'न्हाई गं बाई. मला काहीच ठाऊक न्हाई.'

'मंग रोज कशी घेता?'

मी म्हटलं, 'दहा वाजले की सिस्टर हाक मारती. हात धुते अन् घेते.'

आजवर ती माझ्याकडं सासू म्हणून बघायची, आज माणूस म्हणून बघायली असं वाटलं. मग रडली. ह्या सगळ्यात पहिल्यांदा! आधीच्या दोघांचंही राहिलेलं रडली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. वाटीतलं दूध निवून गेलं. ते दूध तर मी सांडलं नाही, पण सिस्टरची बोलणी खाल्ली.

७ फेब्रुवारी

इतके दिवस मी तिच्यापुढं शब्द नाचवत होते, आणि तिला वाटायचं, ही म्हातारी पैलतीरावर उभी राहून मला ये म्हणतेय. अगं, मीही पाण्यातच होते. सांगायला काय झालं होतं मला? मोठेपणा, दुसरं काय!

९ फेब्रुवारी

राजेश्री दारापर्यंत आली. दूध स्वतः घेऊन. काचेतून बघितलं नाही, वाटी सिस्टरच्या हातात दिली आणि गेली. सिस्टरनं माझ्याकडं बघितलं, मी सिस्टरकडं.

१२ फेब्रुवारी

नळी काढून चमचा-वाटीनं पाजायला बघितलं. ठसका लागला, पुन्हा श्वास विसरली, पुन्हा निळी. डाक्टरीण म्हणाली, 'ओढायचं, गिळायचं, श्वास घ्यायचा — तिन्ही एकदम शिकावं लागतं. काही शिकतात लवकर. काहींना वेळ लागतो.' काहींना जमतच नाही, हे ती बोलली नाही. मी ऐकलं मात्र.

मेसाईला काही मागितलं नाही. नुसतं सांगितलं, असं असं झालं म्हणून. ऐकून घे म्हटलं.

१३ फेब्रुवारी

आज दुपारी झोपेत पोरगी माझ्या छातीवर तोंड घासत सुटली. शोधायली! इकडं तोंड, तिकडं तोंड. माझ्यापाशी काय आहे? मी म्हटलं, 'चुकीच्या दारात आलीस गं बाई.' सिस्टरनं ऐकलं. त्या हसल्या नाहीत. चप्पल घालून राजेश्रीच्या वार्डाकडं गेल्या.

१४ फेब्रुवारी

राजेश्री आत आली. हात कोपरापर्यंत ओले. पोरगी माझ्या छातीवर झोपलेली होती. बघत उभी राहिली, पुष्कळ वेळ. मग म्हणाली, 'आत्या, सरका.'

सरकले.